पद्मिनीच्या ब्रेकमागचा माणूस

पद्मिनी म्हटलं की आपल्याला मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते, तीसुद्धा सिनेमातली! कारण आपल्यातले बहुतेक जण जन्माला यायच्या आधीच कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं बंद झालं होतं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 संपता संपता तीही रस्त्यावरून गेली. पण घरगुती पद्मिनी अजून दिसतात. आपल्या यवतमाळात बाबांच्या एका मित्रांकडे 1986 चं मॉडेल आहे. रविवारी ती ताडपत्रीखालून बाहेर निघते, गावात एक चक्कर मारते आणि परत झाकली जाते.

ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली शेठ वालचंद हिराचंद यांनी. हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. कुठे? कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये! वालचंद, सांगली. पहिल्या पाचात भरलं आणि मिळालं नाही, तो भाग वेगळा! पण ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, ते गृहस्थ कोण हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? काँव्हेंटमध्ये शिकताना मला हेन्री फोर्ड भेटला, राइट बंधू भेटले, जेम्स वॉट तर दर वर्षी भेटायचा. सोलापूरचे वालचंद मात्र एकदाही भेटले नाहीत. म्हणून हा लेख. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी असल्यामुळे मध्ये ब्रेकही लागणार आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

सोलापूरचा मुलगा, बार्शीची रेल्वे

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 ला सोलापूरला झाला. घराणं गुजराती दिगंबर जैन, आडनाव दोशी, मूळ काठेवाडातलं. धंदा कापसाचा आणि सावकारीचा, म्हणजे आपल्या यवतमाळकरांना ओळखीचंच वातावरण. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. 1899 मध्ये मॅट्रिक झाले, पुढे कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच घरच्या पेढीवर येऊन बसले. पेढीवर त्यांचं मन काही रमलं नाही. कापूस एकाकडून घ्यायचा आणि दुसऱ्याला विकायचा, यात आपण स्वतः काय बनवलं?

तेवढ्यात त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. कंत्राटं कशी मिळतात, माप कसं घेतात, बिल कुठे अडतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद आणि जबरदस्त हिंमत. दोघांनी मिळून फाटक-वालचंद नावाने कंत्राटदारी सुरू केली. पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्याशा पट्ट्याचं. ही अडीच फुटी नॅरो गेज रेल्वे. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलाही त्याच अडीच फुटांची आणि त्याच जमान्यातली. शकुंतला आता बंद पडली आहे, पण तिचे रूळ ज्यांनी पाहिले असतील त्यांना वालचंदांची सुरुवात किती लहान होती ते लगेच कळेल.

पुढे कामं वाढत गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपन्यांनी खणले. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला त्यांनी ओसाड जमिनीवर ऊस लावला, साखर कारखाने काढले. कळंबचं तर पुढे वालचंदनगरच झालं. लहानपणी आपण सगळ्यांनी खाल्लेली पान पसंद गोळी रावळगावचीच बरं का!

लॉयल्टी नावाची बोट

1919 मध्ये वालचंद एकदम समुद्रात उतरले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची बोट विकायला निघाली होती. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर वालचंदांनी ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन असतो.

ऐकायला किती छान वाटतं! पण त्या वेळी आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. नवी देशी कंपनी आली की त्या भाडं इतकं खाली आणायच्या की नवी कंपनी वर्षा-दोन वर्षांत बुडायची. कंपनी बुडाली की भाडं परत वर! आधीच्या अनेक देशी कंपन्या अशाच संपल्या होत्या. सिंदिया संपली नाही, पण 1923 मध्ये तिला इंग्रज कंपन्यांशी तह करावा लागला आणि कुठे किती धंदा करायचा यावर बंधनं मान्य करावी लागली. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर आपल्या बोटींना राखीव हक्क द्या, असं विधेयक 1928 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आलं. तेही पास झालं नाही. ही राखीवता शेवटी स्वातंत्र्यानंतरच मिळाली. म्हणजे तीस वर्षं एकच पेडल दाबत राहायचं, आणि चाक काही थांबत नाही!

पेडलची उपमा मुद्दाम दिली आहे. ती नीट कळण्यासाठी आता थोडं ब्रेकबद्दल.

फोर्ड नाही, क्रायस्लर

भारतात मोटारीचा कारखाना हवा ही योजना आधी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मांडली होती. आपण 15 सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला हार घालतो तेच. त्यासाठी ते सत्तरी उलटल्यावर युरोप-अमेरिकेत कारखाने बघत हिंडले. ती योजना वालचंदांनी उचलली आणि 1939 मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी जमलं नाही. क्रायस्लरशी जमलं आणि 1940 मध्ये करार झाला.

यात एक गंमत आहे. पेडलचा दाब तेलातून चारही चाकांना पोचवणारे हायड्रॉलिक ब्रेक क्रायस्लरने 1924 मध्ये आपल्या पहिल्याच गाडीला बसवले होते. कल्पना माल्कम लॉकहीडची. फोर्डने मात्र सळ्या आणि तारांचे ब्रेक 1938 पर्यंत सोडले नाहीत. त्यामुळे पुढे कुर्ल्यात ज्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या गेल्या, त्यांच्याबरोबर हायड्रॉलिक ब्रेकच आले. नंतरच्या फियाट आणि पद्मिनीचे ब्रेकही हायड्रॉलिकच. चारही चाकांना ड्रम.

तत्त्व आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, पास्कलचा नियम, दोन मार्क! समजा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ 3 चौ. सें.मी. आहे आणि त्यावर 60 किलो जोर पडला. तेलात दाब झाला दर चौ. सें.मी. ला 20 किलो. चाकाजवळचा पिस्टन 4 चौ. सें.मी. चा असेल तर तिथे 80 किलो जोर मिळतो. ब्रेक शू ड्रमवर दाबला जातो आणि गाडी थांबते.

पण हे सगळं नळीत फक्त तेल असेल तर. तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला की पेडलची हालचाल तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते. पेडल स्पंजसारखं मऊ लागतं, खाली जातं, पण चाकापर्यंत दाब पोचत नाही. दोन-तीनदा भराभर दाबलं की पेडल वर येतं, ही खूण. मग हवा काढावी लागते. मेकॅनिक लोक याला ब्रेकची हवा काढणे किंवा एअर काढणे म्हणतात.

हवा काढायची कशी?

बाबांच्या मित्रांकडे हे काम घरीच अंगणात होतं आणि ते मी जवळून पाहिलं आहे. गाडी सपाट जागेवर घ्यायची, चाकांना विटा लावायच्या. जॅकवर उचलली तर खाली पक्का स्टँड हवाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. आधी ब्रेक शूची सेटिंग बघायची आणि कुठल्या चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळतंय का ते तपासायचं. गळती असेल तर हवा काढून काहीच उपयोग नाही, ती परत येणार.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्यायचं, साधारणपणे डॉट 3. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू निदान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलं की तो 140 पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ड्रम तापतो, तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते! त्यात आपल्याकडचा मे महिना. शिवाय हे तेल रंगावर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवायचं. आणि त्या टाकीत इंजिन ऑइल चुकूनही टाकायचं नाही, आतले रबर फुगतात.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकाच्या मागे ब्लीडर निपल असतं. त्याला रिंग पाना लावायचा, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं.

हे काम एकट्याचं नाही. एक जण सीटवर, एक जण चाकापाशी. चाकापाशी बसलेला सांगतो दाब, आणि सीटवरचा पेडल हळू खाली नेतो. मग धर, म्हणजे पेडल तसंच दाबून ठेवायचं. आता निपल अर्धा आटा सैल करायचं. नळीतून तेल आणि बुडबुडे येतात, पेडल आणखी खाली जातं. निपल घट्ट करायचं आणि मगच म्हणायचं सोड. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते. केलेलं सगळं वाया! बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मधून मधून टाकीत तेल भरत राहायचं, ती रिकामी झाली की परत पहिल्यापासून. बाटलीत जमलेलं तेल पुन्हा वापरायचं नाही.

शेवटी पेडल कडक लागलं पाहिजे. दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती तरी आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे सील गेलेले आहेत. मग मेकॅनिकशिवाय इलाज नाही. ट्रायलसुद्धा आधी अंगणातच, अगदी हळू.

वालचंदांच्या नळीतली हवा

आता परत 1940 वर येऊ. क्रायस्लरचा करार हातात होता. युद्ध सुरू झालेलं, सैन्याला ट्रक हवे होते. तरीसुद्धा इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला नकार दिला. ती मान्यता नाही म्हणजे यंत्रसामग्री आणायला परवाना नाही, बोटीत जागा नाही. माणूस तयार, पैसा तयार, करार तयार, आणि मध्ये ही हवा!

वालचंद मग थांबून राहिले का? नाही. 1939 च्या त्याच अमेरिका दौऱ्यात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या धंद्यातल्या अमेरिकन माणसाशी पडली होती. त्यातून विमान कारखान्याची योजना निघाली. या वेळी त्यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेतलं. संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं, आणि 23 डिसेंबर 1940 ला बंगलोरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. 1941 मध्ये तिथून पहिलं विमान उडालंसुद्धा. मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारला युद्ध जवळ आल्यावर विमानं लागणारच होती. सरकार आधी भागीदार झालं आणि 1942 मध्ये कारखानाच ताब्यात घेतला. वालचंदांना बाहेर पडावं लागलं. त्या कारखान्यातूनच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, जी आज तेजस बनवते.

जहाज बांधणीचंही तसंच. त्यांना कलकत्त्याला जागा हवी होती, ती मिळाली नाही. मग विशाखापट्टणम निवडलं. 21 जून 1941 ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. एप्रिल 1942 मध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कळीत झालं. तरी ते पुन्हा सुरू झालं. 14 मार्च 1948 ला जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढे 1952 मध्ये ही गोदीही सरकारकडे गेली.

मोटारीचं काय झालं? 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं 1947 मध्ये बाहेर पडली. पण सुरुवातीला ते काम मुख्यतः जोडणीचंच होतं. सुटे भाग खोक्यातून यायचे, इथे बसवले जायचे. वालचंदांना हवा होता तो कारखाना हा नव्हता. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि लहान गाड्या आल्या.

1949 मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. 1950 मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. वय 70. त्याच 1953 साली सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना यापुढे जागा नाही, ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या, प्रीमियर राहिली. वालचंद ज्यासाठी चौदा वर्षं झगडले ते धोरण झालं. बघायला ते उरले नव्हते.

मग जमलं की नाही?

हा प्रश्न मला हा लेख लिहिताना सारखा पडत होता. विमान कारखाना गेला, गोदी गेली, मोटारीचा कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्ण झालाच नाही. नापासच म्हणायचं का?

खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. देशी उद्योगाला संरक्षण द्या असं वालचंद आयुष्यभर सांगत होते. ते संरक्षण मिळाल्यावर त्यांच्या नंतरच्या लोकांनी काय केलं? 1964 ची फियाट 1100 डिलाइट आणि 1974 नंतरची पद्मिनी यांत फारसा फरक नाही. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. स्पर्धाच नव्हती, मग बदलायचं कशाला? 1983 मध्ये मारुती आली आणि पद्मिनीचे दिवस भरले. म्हणजे हवा काढून ब्रेक कडक केले, पण नंतर तेल बदलायचं कुणी मनावरच घेतलं नाही. जुन्या तेलात पाणी मुरणारच!

तरीही मला ते नापास वाटत नाहीत. आजही बंगलोरला विमानं बनतात, विशाखापट्टणमला जहाजं बनतात, वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनतात. सांगलीचं कॉलेज 1947 मध्ये निघालं आणि 1955 मध्ये त्याला वालचंदांचं नाव मिळालं. तिथून दर वर्षी इंजिनिअर बाहेर पडतात. दाब पोचला. दाबणाऱ्याच्या हयातीत नाही, पण चाकापर्यंत पोचला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. वालचंद कधी एकटे नव्हते. रेल्वेत फाटक, बोटीत नरोत्तम मोरारजी, मोटारीच्या योजनेत विश्वेश्वरय्या, विमानात म्हैसूर संस्थान. सीटवर ते बसायचे, पण चाकापाशी कोणीतरी जाणकार असायचाच. आपल्याकडे मात्र ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांतला एक जण काम करतो आणि तिघं रिपोर्टवर सह्या करतात. नाहीतर सरळ बाजारातून रेडीमेड प्रोजेक्ट आणतात. खोक्यातून काढलं, जोडलं, व्हायवा दिला! वालचंदांना ज्या जोडणीचा कंटाळा होता ती हीच की.

आजच्या एबीएस असलेल्या कितीतरी गाड्यांचे ब्रेक नीट ब्लीड करायला स्कॅनर लागतो. पद्मिनीला एक रिंग पाना, एक नळी, एक बाटली आणि एक भरवशाचा मित्र पुरतो. यवतमाळात अशा गाड्या थोड्याच उरल्या आहेत आणि हे काम हाताने येणारी माणसंही थोडीच. ओळखीत कुणाकडे जुनी गाडी असेल तर सुटीत जाऊन एकदा तिची हवा काढायला बसा. फ्लुइड मेकॅनिक्सचं एक अख्खं युनिट तिथे अर्ध्या तासात समजतं.

आणि कधी आपलीच मेहनत कुठे पोचत नाहीये असं वाटलं, मग ते बॅकलॉग असो नाहीतर प्लेसमेंट, तर पेडल नुसतं जोरात दाबत बसू नका. मध्ये हवा कुठे अडकली आहे ते आधी शोधा.